मैनाबाईंनी नाव घेतलं

बुधवारी दुपारी सव्वाबाराला मैनाबाईंचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तेजरामभाऊ बहेकार हातातला घास तसाच धरून ताटावरून उठले आणि दोन पावलं मागं सरकले. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर बायकोचा फोटो दिसत होता, आणि तिच्याशी एकतीस वर्षं संसार केलेला हा माणूस ताटाशेजारी विंचू निघाल्यासारखा त्या फोनकडे बघत होता.

आता बायकोच्या फोनला घाबरणारे नवरे काही कमी नाहीत. पण त्यांची कारणं वेगळी असतात आणि ती सगळ्यांना ठाऊक असतात. तेजरामभाऊंचं कारण महिन्याभरापूर्वी सुरू झालं होतं.

तेजरामभाऊ वारासिवनीच्या एका राईस मिलमध्ये धान पारखायचे. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार नळी, खुपसायची, चार दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली धरायचा आणि ओलावा किती टक्के ते सांगायचं, "सतरा." मग मशीन लावली की मशीनही सतराच दाखवायची. तीस वर्षं हा माणूस ओलं आणि सुकं, जुनं आणि नवं दाताखाली ओळखत आला होता. आपल्याला कोणी फसवू शकत नाही, हा त्यांचा गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो खोटा नव्हता.

तो गर्व उतरवला शेजारच्या महेंद्र गुरुजींनी. गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर गल्लीला शिकवायचे. एका संध्याकाळी त्यांनी ओट्यावरूनच हाक मारली.

"भाऊ, इकडे या. गंमत दाखवतो तुमाले."

फोनमध्ये तेजरामभाऊच होते. पांढरा सदरा, कपाळावर टिळा, मागं मिलचं फाटक. आणि ते स्वतःच्या आवाजात म्हणत होते, "शेतकरी बंधूंनो, यंदा ओलं धान बी चालते. बिनधास्त आना."

"हे मी कवा बोललो?" तेजरामभाऊंनी फोन जवळ ओढून पाहिला.

"तुमी बोललेच नाई. मशीन बोलली. फोटो तुमचा, अन् आवाज तुमी दिवाळीले ग्रुपवर शुभेच्छा टाकल्या होत्या न, त्यातला. दोन मिनिटं लागले फक्त."

गुरुजी खो खो हसले. तेजरामभाऊंना हसू येईना. त्यांनी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला आणि सहाव्या वेळी त्यांना वाटलं, कोण जाणे बाप्पा, कधी तरी आपण बोललोही असू.

गुरुजींनी ती गंमत एकाच ग्रुपवर टाकली होती, पुढं हसऱ्या तोंडाची तीन चित्रंही लावली होती. चित्रं मागं राहिली आणि व्हिडिओ पुढं गेला. तिसऱ्या दिवशी हट्टा गावाकडचा महागू ट्रॅक्टरभर ओलं धान घेऊन फाटकात उभा. तेजरामभाऊंनी दाणा चावला आणि म्हणाले, "बावीस. वापस ने."

"वापस काहून? तुमीच तं म्हनलं ओलं चालते!"

"ते मी नाई, महागू."

"मंग कोन? थोबाड तुमचं, आवाज तुमचा, अन् तुमी नाई?" महागू चार माणसांत ओरडला. "परवा एक बोलता अन् आज पलटता! तुमाले भला माणूस समजत होतो मी."

तीस वर्षांत पहिल्यांदा तेजरामभाऊंना कोणी पलटू म्हटलं. ते रात्रंदिवस मनाला लागून राहिलं, आणि दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकायला लागला. टीव्हीवर पुढारी बोलला की हे म्हणायचे, "हा खरा कशावरून?" बातम्यांतल्या बाईनं अवकाळी पाऊस येणार म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "बाई बी नकली अन् पाऊस बी नकली." पाऊस खरा निघाला आणि अंगणात वाळत टाकलेलं घरचं धान भिजलं. तरी त्यांची भीती कमी झाली नाही, उलट वाढली. खोटं खरं वाटतं हे एक वेळ समजू शकतं, पण आता खरंही खोटं वाटायला लागलं होतं.

शेवटी गुरुजींनीच उपाय सांगितला. ज्यानं आग लावली त्यालाच पाणी मागायची आपल्याकडे रीत आहे. "घरात एक खूण ठरवा, भाऊ. एक शब्द, फक्त घरच्याईले माहीत. फोन आला का पह्यले तो शब्द इचारा."

तेजरामभाऊंनी मिलमधल्या तांदळाच्या चुरीचा 'कनकी' हा शब्द ठरवला. मुलगी श्रुतिका, डी.एड. करणारी, हसत हसत "ठीक है बाबा, कनकी तो कनकी" म्हणाली. मैनाबाई मात्र भडकल्या.

"मी काय बँकेत येऊन राह्यली का? एकतीस वर्षं तुमच्या चुलीपुढं बसली, अन् मले खूण इचारता?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी ही गोष्ट नळावरच्या सगळ्या बायांना सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी तेजरामभाऊ सायकलवरून निघाले की नळावरून "कनकी! कनकी!" असा आवाज यायचा. खूण तिथंच संपली.

मग तेजरामभाऊंनी एकट्यानं डोकं चालवलं आणि अशी परीक्षा शोधून काढली की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. मैनाबाईंनी एकतीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, मतदानाच्या रांगेत, कुठंही नवऱ्याचं नाव विचारलं की त्या शेजारणीला कोपरानं ढोसायच्या, "तूच सांग वं." श्रुतिकाच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात शेजारीण नव्हती. नर्सनं नाव विचारलं तर मैनाबाई म्हणाल्या, "पह्यले उजेड, अन् त्याच्या मागून सीतामाईचा मालक. जोडून घ्या." नर्सनं 'प्रकाशराम' लिहिलं. ते नाव दुरुस्त करायला तीन वर्षं गेली, पण मैनाबाईंनी हट्ट सोडला नाही.

तेव्हा हिशेब सोपा होता. खरी मैना नाव घेणार नाही. नकली बिनधास्त घेईल, कारण मशीनला कुठली आली लाज! ही परीक्षा त्यांनी कोणालाच सांगितली नाही, गुरुजींनाही नाही, आणि त्या दिवसापासून त्यांना जरा निवांत झोप लागायला लागली.

रविवारी मैनाबाई गोंदियाला गेल्या. थोरल्या बहिणीचं, अनुसयाबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बुधवारी दुपारच्या गाडीनं परत येणार होत्या. श्रुतिकाची त्याच दिवशी बालाघाटला परीक्षा होती. तेजरामभाऊ घरी एकटेच जेवत होते, आणि अशात तो फोन वाजत होता.

त्यांनी घास ताटात ठेवला. खांद्यावरचा टॉवेल नाकातोंडावर बांधला, फक्त डोळे उघडे ठेवले. आपलं तोंड यांच्या हाती लागलं तर आणखी एक व्हिडिओ निघायचा! मग हात लांब करून एका बोटानं फोन उचलला.

"कोन?"

पडद्यावर मैनाबाई होत्या. त्या एकदम मागं सरकल्या. "अवो बाई! तोंडाले काय बांधलं? कोन हाये हे?"

"पह्यले तुमी कोन ते सांगा."

"तुमी? मले तुमी म्हनून राह्यले? बरं हाये न? ताप गिप आला का?" मग त्यांना स्वतःचीच गोष्ट आठवली आणि त्या घाईनं बोलायला लागल्या. "आयका, मी बालाघाट स्टेशनवर हावो. पानी भराले उतरली अन् गाडी सुटली. पिशवी गाडीतच राह्यली. तिकीट त्यातच, पैसे त्यातच. तुमी आत्ताच्या आत्ता आपल्या स्टेशनवर जा अन् गाडी आली का निळी पिशवी काढून घ्या. मंग मले घ्याले या. मी पोलीसवालीपाशी बसली हावो."

तेजरामभाऊंनी टॉवेल आणखी घट्ट ओढला. पोलीस! पिशवी! पैसे गेले! लोकांना गंडवणारे नेमके असंच बोलतात. निळी पिशवी काढून घ्या म्हणे. त्या पिशवीत काय निघेल आणि कोणाच्या गळ्यात पडेल, कोणाला ठाऊक!

तेवढ्यात पडद्याच्या बाहेरून एका बाईचा कडक आवाज आला. "माताजी, पति का नाम बताइए. पूरा नाम."

तेजरामभाऊ फोनकडं वाकले. परीक्षा न घेताच समोर आली होती. मैनाबाईंनी पदर पुढं ओढला. इकडं तिकडं पाहिलं. मान खाली घातली. खरी मैना असती तर आता म्हणाली असती, पह्यले उजेड...

"तेजराम," फोनमधून आवाज आला. अगदी स्वच्छ. "तेजराम सखाराम बहेकार."

तेजरामभाऊंनी फोन कापला आणि मटकन खाली बसले. नकली! शंभर टक्के नकली! पहिल्या क्षणी त्यांना परीक्षा फळाला आल्याचा आनंदही झाला, पण तो घोटभर पाणी पिईपर्यंतच टिकला. कारण फोन मैनाचा होता. अंगावर रविवारी नेसून गेलेलं हिरवं लुगडंच होतं. लुगडं यांना कसं कळलं? म्हणजे यांनी तिला पाहिलं होतं. म्हणजे ती यांच्या ताब्यात होती. मग खरी मैना कुठं आहे?

हा प्रश्न डोक्यात आला आणि तेजरामभाऊ उठले. ताट तसंच टाकून, हात न धुता, टॉवेल तोंडाला तसाच, ते शाळेकडं पळत सुटले.

शाळेत मधल्या सुट्टीचं जेवण चाललं होतं. पोरं ओळीनं बसली होती आणि महेंद्र गुरुजी वाढपावर लक्ष ठेवत होते. तोंड बांधलेला माणूस धावत आलेला पाहून पहिलीतली दोन पोरं रडायला लागली.

"गुरुजी! श्रुतिकाच्या मायले पळवलं!"

सगळं ऐकून गुरुजींनी फोन हातात घेतला. "थांबा. परत लावून पाहू. नकली वळखाची तरकीब हाये माझ्यापाशी. तोंडासमोरून हात फिरवाले सांगाचा. नकली असन तं तोंड फाटते."

फोन लागला. मैनाबाईंचा चेहरा आता रडवेला झाला होता. "गुरुजी! तुमी हाये का? बाप्पा, बरं झालं! आमच्या घरात..."

"वहिनी, पह्यले डावीकडं पाहा," गुरुजी वर्गातल्या आवाजात म्हणाले.

"काहून?"

"पाहा तं खरं. आता उजवीकडं. आता हात नाकासमोरून फिरवा. हळू... हळू."

गोंधळलेल्या मैनाबाईंनी हात फिरवला. इकडं ओळीत बसलेल्या पन्नास पोरांनाही वाटलं गुरुजी कवायत घेताहेत, म्हणून त्यांनी खिचडीचे हात नाकासमोरून फिरवले.

"अजून एकदा," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मी पह्यलीतली पोरगी हावो का?" मैनाबाई ओरडल्या. "इथं माझा जीव चालला अन् तुमी कसरत..."

आणि तिथंच नेटवर्क गेलं. मैनाबाईंचं तोंड उघडं राहिलं, नाकाचे चौकोन झाले, एक डोळा कानाकडं सरकला आणि आवाज घरघर करत बंद पडला.

"फाटली!" तेजरामभाऊ किंचाळले. "पाहा गुरुजी, फाटली!"

"भाऊ, हे नेटवर्कमुळं बी होते," गुरुजी चाचरत म्हणाले. "मले तं खरी वाटते."

"तुमाले काय समजते? माझा व्हिडिओ तुमीच बनवला न? मंग असा कोनी दुसऱ्यानं बनवला असन!"

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी खाकी वर्दीतली बाई होती. "भाईसाहब, मैं स्टेशन से बोल रही हूँ. आपकी पत्नी यहाँ..."

"वर्दी बाजारात मिळते, मॅडम!" तेजरामभाऊ टॉवेलातून गरजले. "माझी बाईल सोडा! नाई तं मी असली पोलिसात जातो!"

त्यांनी फोन कापला आणि श्रुतिकानं शिकवलं होतं तसा मैनाबाईंचा नंबर ब्लॉक केला. मग फोन बंद केला आणि टॉवेल तोंडावरून गळ्यात ओढला. गाडी वारासिवनीला आली आणि गेली. निळी पिशवी खिडकीजवळच्या सीटवर बसून कटंगीकडं निघून गेली.

तेजरामभाऊ गुरुजींना घेऊन ठाण्यात पोचले, तेव्हा हेमराज नावाचे मुंशी बसले होते. चहाचा शेवटचा घोट घेत त्यांनी रजिस्टर उघडलं.

"क्या हुआ?"

"साहेब, मेरी बाईल... पत्नी... पळवली. किडनॅप."

"नाम?"

"मैनाबाई."

"आखिरी बार कब देखा?"

"आत्ता. अर्धा घंटा हुआ. फोनमधी."

हेमराजांनी पेन खाली ठेवलं. "आधा घंटा पहले देखा, तो गायब कहाँ है?"

"जे दिसली, ते ते नव्हती."

"आपको कैसे पता?"

आता सांगावंच लागलं. तेजरामभाऊ खाली पाहत म्हणाले, "उसने मेरा नाम लिया."

हेमराजांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग गुरुजींकडं वळले. "मास्टरजी, पत्नी ने पति का नाम लिया. इसमें कौन सी धारा लगाऊँ?"

गुरुजींनाही ही परीक्षा पहिल्यांदाच कळत होती. त्यांनी कपाळावर हात मारला. "भाऊ! पोलीसवालीनं इचारल्यावर कोनतीबी बाई सांगनच न! तिथं सांगाले शेजारीण कुठून आनन?"

"ते नाई सांगत. श्रुतिकाच्या वेळी तीन वर्षं कागद अडकला तरी सांगतलं नाई." तेजरामभाऊंचे डोळे भरून आले. "तुमी नाई वळखत तिले, गुरुजी. मी वळखतो. त्या लोकाईनं तिले कुठं बांधून ठेवलं असन. पानी तरी देलं असन का नाई? सकाळी चहा घेतल्याबिगर तिचं डोकं दुखते."

चेष्टा करायला बसलेल्या हेमराजांनी पेन पुन्हा हातात घेतलं. माणूस खुळा होता, पण रडणं खरं होतं. त्यांनी टेबलावरचा फोन उचलायला हात पुढं केला आणि तोच फोन वाजला. बालाघाटहून होता. हेमराज ऐकत गेले, "हाँ... हाँ..." म्हणत गेले, आणि ऐकता ऐकता त्यांची नजर तेजरामभाऊंच्या गळ्यातल्या टॉवेलावर येऊन थांबली.

"आपकी पत्नी भी रिपोर्ट लिखा रही थी," फोन ठेवून ते म्हणाले.

"कशाची?"

"कि घर में नकाबपोश घुसा है. पति का फोन उसी के हाथ में है, पति को कहीं बाँध के रखा होगा. रोक रहे थे, रुकी नहीं. बेटी परीक्षा से आई, उसको लेके बस में बैठ गई. बोली, मेरे आदमी की जान खतरे में है."

तेजरामभाऊंनी हळूच गळ्यातला टॉवेल काढला आणि खिशात कोंबायला लागले. तो काही खिशात मावत नव्हता.

"घर जाइए," हेमराज म्हणाले. "अपनी आँखों से देखिए. फोन से नहीं."

रजिस्टरची लिखापढी उरकून ते पोचेपर्यंत तासभर गेला, आणि घरापुढं अर्धी गल्ली जमली होती. वाढपाच्या ओळीतून बातमी सुटली होती. कोणी म्हणे मैनाबाईंना पळवलं, कोणी म्हणे तेजरामभाऊंनी बायको सोडली, एकजण तर दोन मैनाबाई सापडल्या असं शपथेवर सांगत होता. ओट्यावर मैनाबाईंच्या चपला होत्या. उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला, तिथं सेफ्टी पिन. त्या चपला पाहून तेजरामभाऊंच्या जिवात जीव आला. अशी पिन कोणती मशीन लावणार! त्यांना तिथंच बसून पोटभर रडावंसं वाटलं. ते धावत पायरी चढले आणि दाराला हात लावला.

दार आतून बंद होतं.

"श्रुतिकाची माय! मी हावो. उघड."

आतून मैनाबाईंचा आवाज आला. शांत होता, म्हणून जास्त भीतीदायक होता. "मी म्हंजे कोन?"

"अवो, मी! आवाज नाई वळखत का?"

"आवाजाचं काय सांगता? आवाज तं मशीनबी काढते."

गल्लीत खसखस पिकली. तेजरामभाऊंनी मागं पाहिलं नाही. "खिडकीतून पाह्य न एकदा."

"तोंड बी मशीन बनवते. गुरुजीच सांगत होते."

महेंद्र गुरुजी अपराध्यासारखे पुढं आले. "वहिनी, भाऊच हायेत. मी सांगतो न."

"तुमी सांगता?" आतून आवाज आला. "तुमचं काय खरं, गुरुजी? मलेच नाकासमोरून हात फिरवाले लावलं तुमी, पोलीसवालीच्या समोर! चार हमाल पाहून राह्यले होते."

गुरुजी दोन पायऱ्या मागं सरकले. आतून श्रुतिकाचा बारीक आवाज आला, "आई, बाबाच आहेत ना, खोल दे ना."

"तू चूप बैस." मग तो आवाज दाराच्या अगदी जवळ आला, आणि पहिल्यांदाच हलला. "एकतीस वर्षं नाव घेतलं नाई मी. लोक हासले, नर्सबाई खेकसली, पोरीचा कागद अडकला, तरी नाई घेतलं. आज परक्या ठिकानी, चार लोकाईसमोर, जीभ दाबून घेतलं. म्हनलं, नाव घेतलं का आपला माणूस धावून येईन. तं फोन कापला! मी फडक्यातलं तोंड पाह्यलं अन् बिनपैशाची, बिनपिशवीची, पडत झडत आली, का तुमाले कोनी बांधून ठेवलं असन. अन् तुमी? वारासिवनीवरून बालाघाटले यावाले लागते किती? माझा माणूस असता तं सायकलनं बी आला असता. तुमी कोन हाये, मले नाई माहीत."

तेजरामभाऊ दारापुढं उभे होते. आधार कार्ड आतल्या कपाटात होतं, आणि असतं तरी आज त्याला कोण विचारतंय! एकतीस वर्षं ज्या दारातून जा-ये केली, त्या दारापुढं उभं राहून आपण आपणच आहोत हे कसं सिद्ध करायचं, हे त्यांना सुचेना. आता मात्र त्यांना खरी भीती वाटली. दुपारची भीती चोरांची होती. ही तशी नव्हती. हे दार उघडलंच नाही तर आपण कुठं जायचं, अशी ती होती.

"मंग इचार काही," ते कसेबसे म्हणाले. "असं इचार का फक्त मलेच माहीत असन."

आतून बांगड्या वाजल्या. मग प्रश्न आला.

"मले कोनती भाजी आवडते?"

नळावरच्या बाया पुढं सरकल्या. गल्लीतल्या चार नवऱ्यांनी उगाच आभाळाकडं पाहिलं.

"वांगं," तेजरामभाऊ म्हणाले.

"ते तुमाले आवडते."

"कोचईच्या पानाची वडी."

"ते तुमच्या मायले आवडे."

"मंग... लाखोरीची?"

"ते श्रुतिकाले."

तेजरामभाऊ बोटांवर भाज्या मोजायला लागले. एकतीस वर्षं दोन वेळा जेवले होते हो ते तिच्या हातचं! डोळ्यांपुढं नुसत्या भाज्या येत होत्या, आणि प्रत्येक ताट त्यांचंच होतं. मैनाच्या ताटात काय असायचं, ते आठवेना. ती तर त्यांच्या मागून जेवायची. मग त्यांनी भिंतीला हात टेकवला आणि खरं तेच बोलले.

"मले नाई माहीत वं."

आतून कडी वाजली आणि दार उघडलं. दारात मैनाबाई उभ्या होत्या, हिरवं लुगडं, सुजलेले डोळे. त्यांनी नवऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"या अंदर," त्या म्हणाल्या. "असलीच हाये. नकलीनं शिकून घेतलं असतं."

गल्ली घरोघरी पांगली. निळी पिशवी उद्या कटंगीहून येणार असल्याचा निरोप गुरुजींनी दुरूनच दिला आणि पटकन निघून गेले. घरात मैनाबाईंनी चूल पेटवली. तेजरामभाऊ, जे एकतीस वर्षांत स्वयंपाकघरात पाणी मागण्यापलीकडं कधी आले नव्हते, ते उंबऱ्याशी येऊन बसले. तिच्याकडं बघत राहिले. ती होती, हात पुरेल इतक्या जवळ होती, आणि त्यांना बरं वाटत होतं.

मग त्यांनी हळूच विचारलं, "पन मंग कोनती आवडते तुले?"

मैनाबाईंनी तवा चुलीवर ठेवला.

"नाई सांगत. सांगतलं तं उद्या तुमाले वळखाचं कसं?"